रस्त्याकडेची पाटी आणि पहिल्या माणसाचे नाव

मुंबईहून रत्नागिरीला येणारा चाकरमानी गाडीच्या खिडकीतून पाट्या वाचत येतो. कुठे किल्ल्याची पाटी, कुठे लेण्यांची, कुठे अमुक थोर पुरुषाचे गाव इतके किलोमीटर म्हणून बाण. गावात शिरलं की चौकात संगमरवरी फरशी, शाळेच्या भिंतीत कोनशिला, पुलाच्या कठड्याला उद्घाटनाचा दगड. या सगळ्या दगडांत एक शब्द फार मानाचा, तो म्हणजे 'पहिला'. पहिली शाळा, पहिला पदवीधर, पहिले देऊळ, पहिली आगगाडी. एखाद्या गावाने आपला 'पहिला' दगडावर कोरला की पुढच्या शंभर वर्षांचा तोच इतिहास होऊन बसतो. पोरं तेच वाचतात, सहलीचे मास्तर तेच सांगतात, वर्तमानपत्रंही तेच छापतात.

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला तेव्हा मी हाच विषय घेतला. मी काही कॉलेजात शिकलेला इतिहासकार नव्हे. गिरणीत पाळ्या करता करता, वाचनालयात बसून जे वाचलं आणि जाणत्या माणसांकडून जे ऐकलं, त्याच्या आधाराने लिहितो आहे. माझा प्रश्न साधा आहे. दरवाजा उघडणाऱ्याचं नाव दगडावर लागतं, पण त्या दरवाजातून जिवावर उदार होऊन पहिलं पाऊल आत टाकणाऱ्याचं नाव कुठे लागतं?

दगडाचं आणि आपल्या समाजाचं नातं तसं जुनं आहे. वतनदारीच्या काळात गावची शीव महाराच्या ध्यानात असायची. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराला पुढे घालायचे. तो ज्या रेषेवरून चालत जाईल ती शीव, असा त्याच्या शब्दाला मान होता. कुठला धोंडा कुठे पुरलेला आहे हे त्याला बिनचूक ठाऊक. म्हणजे साऱ्या गावच्या दगडांचा साक्षीदार हा, आणि त्याच्या नावाचा दगड मात्र गावात एकही नाही! ते वतन म्हणजे मानाच्या नावाखाली बारा महिन्यांची राबणूक होती. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने गेली.

आता रत्नागिरी शहरात या. इथे थिबा पॅलेसकडे जाणाऱ्या रस्त्यालाच ब्रह्मदेशाच्या राजाचं नाव आहे. १८८५ च्या लढाईत इंग्रजांनी थिबा राजाचं राज्य घेतलं आणि १८८६ साली त्याला कैदी म्हणून रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या समाधीच्या दर्शनाला येऊन गेले. पर्यटक राजवाडा पाहतात, समुद्राकडचा देखावा पाहतात, फोटो काढतात. पण हा राजा बुद्धाला शरण गेलेला होता, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला जे 'बुद्धं सरणं गच्छामि' घुमलं त्याच्या ७० वर्षं आधी आपल्या रत्नागिरीत एक अख्खं बौद्ध राजघराणं येऊन राहिलं होतं, हे किती जणांच्या डोक्यात येतं? त्याहून मागे जायचं तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांची सुरुवात बौद्ध भिक्षूंनी केली, पुढे नाथपंथीयांपर्यंत तिथे वस्ती राहिली. तेव्हा धम्म कोकणात १९५६ साली पहिल्यांदा आला असं कोणी म्हणालं तर त्याला कोटजाई नदीकाठी नेऊन आणावं.

रत्नागिरीतला सगळ्यात गाजलेला 'पहिला' म्हणजे पतितपावन मंदिर. सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं पहिलं देऊळ म्हणून त्याची कीर्ती सांगितली जाते. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. पैसा भागोजीशेठ कीर यांचा. २२ फेब्रुवारी १९३१ ला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते देऊळ उघडलं. भागोजीशेठ भंडारी समाजातले, कष्टातून वर आलेले. त्यांच्या दानतीबद्दल दुमत नाही. दादर चौपाटीजवळची स्मशानभूमी त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिच्या शेजारीच आपली चैत्यभूमी आहे, हेही विसरू नये. त्या काळच्या रत्नागिरीत सगळ्या जातींना एका गाभाऱ्यात नेणं ही लहान गोष्ट नव्हती, तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण वाचकहो, साल बघा. त्याच्या आदल्या वर्षी, २ मार्च १९३० ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तिथली मागणी जुन्या देवळाचा दरवाजा उघडा अशी होती. वर्षानुवर्षं लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि तो दरवाजा काही उघडला नाही. रत्नागिरीत जुना दरवाजा तसाच ठेवून नवं देऊळ बांधलं गेलं. नवं बांधणाऱ्याला पाटी मिळाली. जुन्याच्या पायरीवर डोकं फुटलेल्यांची नावं मात्र पोलीस खात्याच्या कागदांत आणि 'जनता'च्या जुन्या अंकांत शोधावी लागतात. दोन्ही गोष्टी इतिहासच आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातली एकच दिसते, इतकंच माझं म्हणणं.

शाळेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होतं. शाळेने घेतलं नाही म्हणून प्रकरण थेट मुंबई सरकारपर्यंत गेलं. सरकारने काय निकाल द्यावा? अशा शाळेत येऊ मागणारा हा आजवरचा एकटाच महार. एकट्यासाठी बाकीच्यांना दुखवून शाळेचा उपयोगच घालवणं बरं नाही! न्याय मुलाच्या बाजूने आहे हे कबूल करून वर हा निकाल. १८५८ साली विलायतेतल्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्या पाहिजेत असं कळवलं, पण तोवर त्या मुलाचं शाळेचं वय निघून चाललं होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला जे शिक्षणाविषयीचं निवेदन दिलं त्यात हे प्रकरण मुद्दाम घातलं आहे.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, जखमच ती. 'हा पहिलाच' असं प्रमाणपत्र खुद्द सरकारने आपल्या हाताने लिहून दिलं. इतका पक्का पुरावा कुठल्या गावच्या पाटीला असतो? आणि त्या निकालात तो फक्त 'एक महार मुलगा' आहे. त्याच १८५६ साली रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. ते घर सरकारने जतन केलं आहे, लोक बघायला जातात, जावंच. धारवाडच्या पोराचं घर कुठलं म्हणून विचारायला कोणाकडे जायचं?

धारवाडची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात, दापोलीला पुन्हा घडली. दापोलीला जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात. इंग्रजांची पलटण तिथे होती, तिच्या कँपावरून हे नाव पडलं. पलटण गेली तरी पेन्शनीत निघालेले शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार दापोलीत राहिले. त्यांत आपले लोक पुष्कळ. पलटणीत शाळा असायची. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना तिथे अक्षरओळख व्हायची, बायकामुलीसुद्धा शिकायच्या. रामजी सुभेदार अशा लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि पेन्शनीनंतर काही काळ ते दापोलीतच राहिले. वाचता येणारी, जग बघितलेली, पगाराची पेन्शन घेणारी ही माणसं. खोताच्या अंगणात जोडे काढून उभं राहायची सवय त्यांची मोडली होती. त्यांच्यातलेच एक गोपाळबाबा वलंगकर. मूळ गाव महाडजवळचं रावढळ. १८८६ च्या सुमारास पलटणीतून निवृत्त झाले आणि लेखणी हातात घेतली. महात्मा फुल्यांच्या विचारांचा माणूस. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात बसते हे धर्माच्या ठेकेदारांना उघड विचारलं. दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला.

याच पेन्शनरांनी १८९२ च्या सुमारास आमची मुलं नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केले. पालिका कर सगळ्यांकडून घेते, मग शाळा सगळ्यांना का नाही, असा सरळ हिशेब. पुष्कळ टोलवाटोलवी झाली. अखेर मुलं घेतली, पण बसवली कुठे? व्हरांड्यात! वर्ग आत, पोरं बाहेर. कोकणातला पाऊस ज्याने बघितला आहे त्याला व्हरांड्यात बसून शिकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पागोळ्यांचं पाणी अंगावर, पाटी भिजलेली, आणि मास्तर आतून ओरडून सांगणार. फळा दिसला तर दिसला.

बरोबर त्याच सुमारास दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकून पुढे गेले आणि १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, असे पहिले भारतीय. जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मुरुडच्या महर्षी कर्व्यांचा आहे, महामहोपाध्याय काण्यांचा आहे. कर्वे, काणे आणि मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेले बाबासाहेब, असे तीन भारतरत्न या एका जिल्ह्याशी बांधलेले. ही यादी आपल्याकडे शाळेत पाठ करून घेतात. तिच्याच शेजारी व्हरांड्यातल्या त्या पोरांचा वर्ग ठेवून बघा. रँग्लर व्हायला बुद्धी आणि कष्ट लागले. व्हरांड्यात बसायला कोवळ्या वयाच्या पोराला काय लागलं असेल? आणि रोज सकाळी त्याला पुन्हा तिथे पाठवणाऱ्या त्याच्या आईला? दापोलीच्या रस्त्याने जाताना त्यांच्यासाठी एखादी पाटी माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. वलंगकरांना १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तर त्यांच्या शेजारी बसायला वरच्या जातीचे सभासद तयार नव्हते. बोर्डावर बसलेला आपला पहिला माणूस म्हणून तरी त्यांचं नाव चार लोकांच्या तोंडी असायला हवं होतं. १९०० साली ते गेले.

आपल्या माणसांची नावं दगडावर कधी आलीच नाहीत असं मात्र नाही. भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं तिथे कोरलेली आहेत, त्यांत २२ महार. नावांच्या शेवटी 'नाक' लागलेलं दिसतं, त्यावरून ओळखू येतात. इंग्रजाने तो खांब आपल्या विजयासाठी उभारला, आपल्या मुक्तीसाठी नव्हे, हे मला कळतं. तरी दगडावर नाव होतं म्हणूनच बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे उभे राहून लोकांना काही सांगू शकले. उलट पहिल्या महायुद्धानंतर याच इंग्रजाने गावोगावी ज्या लहान फरश्या बसवल्या त्या बघा. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. फक्त आकडा! लोक त्यावरून बकऱ्या हाकत जातात. आकड्यापुढे कोण हात जोडणार?

नाव, जागा आणि कृती तिन्ही एकत्र आल्या त्या महाडला. आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच. १९२३ साली सी. के. बोल्यांचा ठराव कौन्सिलात पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर 'पहिला' मान नगरपालिकेचा! पण त्या पाण्याला हात लावायला तीन वर्षं कोणी धजलं नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, यावरून ओळखा ते तळं किती 'खुलं' होतं. २० मार्चला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्याले, आणि मागोमाग हजारो लोक प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, परतणाऱ्या लोकांना काठ्यांनी मारलं, आणि पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, आणि तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली. तळ्याचा खटला मात्र चालतच राहिला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं!

आज महाडला क्रांतिस्तंभ आहे, तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, दर वर्षी लाखांनी लोक जातात. पण तिथेही मागे राहिलेली नावं आहेतच. त्या परिषदेसाठी बाबासाहेबांकडे खेटे घालणारे आणि गावोगाव पायपीट करून माणसं गोळा करणारे रामचंद्र बाबाजी मोरे, लाडवली-दासगावचे. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना घेत नव्हते, तेव्हा त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून वाचा फोडली, मग घेतलं. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे, दोघे कायस्थ, स्वतःच्या जातीचा रोष पत्करून उभे राहिले. पुढे १९२९ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब चिपळूणला आले, रत्नागिरी जिल्ह्याच्या परिषदेत खोतीविरुद्ध बोलले. त्यातूनच १९३७ चं खोती बिल आणि १९३८ च्या जानेवारीत मुंबईत कौन्सिल हॉलवर गेलेला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा. त्यात महार होते तसेच कुणबीही होते. चिपळुणातून महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात. त्यातल्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि गिरणगावात राबले, म्हणून जाता जाता गिरणीचंही सांगतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची, ताडदेवला. १८५४ साली कंपनी निघाली, १८५६ पासून सूत निघू लागलं. पुस्तकात हे मिळतं. पण आपल्या रत्नागिरीच्या माणसांनी भरलेल्या त्या गिरण्यांत साचे खात्याची दारं आपल्याला बंद होती हे पुस्तकात शोधावं लागतं. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढून काढायचा असतो, आणि महाराच्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार! जास्त पगार साच्यावर, आणि आपला माणूस त्रासनात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा लाल बावट्याच्या मंडळींनाही उत्तर देणं जड गेलं. कामगार एकजुटीवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे लिहितो. चिमण्या पाडून टॉवर उभे राहिले, त्यांच्या फाटकावर कधीतरी गिरणीच्या नावाची पाटी लागेलही. साच्यापुढे उभा राहिलेल्या आपल्या पहिल्या विणकराचं काय?

पाटी लागायलाही भांडावं लागतं हे पुण्याच्या भिडेवाड्याने दाखवलं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली तो वाडा कोर्टकचेऱ्यांत पडत राहिला आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला, तेव्हा मूळ भिंती राहिल्याच नाहीत. साताऱ्याचं उदाहरण वेगळं. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरचा क्रमांक १९१४. शाळेने ते रजिस्टर जपलं. त्या एका ओळीच्या जोरावर महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस केला. संगमरवर लागला नाही, पुतळाही नाही. शाईची एक ओळ.

आपल्या प्रत्येक वाडीतून कोणी ना कोणी पहिलं शाळेत गेलं आहे. पहिली मुलगी सातवी पास झाली आहे, पहिल्या बाईने सार्वजनिक विहिरीवर कळशी बुडवली आहे. विहिरीचं कुठल्याही कागदात सापडणार नाही. ते आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या आयाबायांना विचारूनच लिहून ठेवावं लागेल, आणि नाव, गाव, साल, विहीर कोणती, कोण कोण बरोबर होतं, एवढं तरी त्यात हवंच. शाळेचं मात्र सापडतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांतून जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना तेच नाव घालावं, हजेरीपट मागू नये, हजेरीपट फार वर्षं ठेवत नाहीत. जुन्या नोंदीत आपली आजची आडनावं मिळणार नाहीत. बापाच्या नावापुढे नुसती जात लिहिलेली असते, तेव्हा जन्मतारीख आणि वाडी ताडून बघावी. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होऊन दुसरीत मिळवली गेली असेल, तर रजिस्टर कुठल्या शाळेत हलवलं हे केंद्रप्रमुखांना विचारावं. आणि पावसाळ्याआधी जावं. कौलं फुटलेल्या खोल्यांत ही रजिस्टरं ठेवलेली असतात आणि वाळवी 'पहिलं' पान आधी खाते.